कुल्ताच्या खिशातला ठसा

मित्रांनो, मोठ्या माणसाच्या तळहातात मावेल एवढा, पाठीला मूठ असलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेला मी एक लाकडी ठसा आहे. नाईल नदीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी नझलत जुम्मैझ नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जी गोल भाकरी भाजतात तिला कुर्बान म्हणतात. त्या भाकरीवर उमटायचं, एवढंच माझं काम होतं.

माझा जन्म नबकाच्या झाडाचा. तुमच्याकडच्या बोरीचीच ती बहीण. वठलेलं झाड तोडलं तेव्हा बरंचसं चुलीत गेलं. एक तुकडा सुतार सिदहोम याच्या हाती लागला. त्याने माझ्या मधोमध मोठा क्रूस कोरला, भोवती बारा लहान क्रूस कोरले आणि कडेला जुन्या कॉप्टिक लिपीत देवाची स्तुती कोरली. अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणजे कणकेवर सुलटी उठतात. हे चालू असताना सिदहोमची बायको त्याला म्हणाली, "अहो, जन्मभर सरळ काही केलं नाहीत, हे मात्र तुम्हाला बरोबर जमेल." सिदहोम हसला, आणि खरंच एकही अक्षर चुकलं नाही.

मला कुल्ताच्या हाती देण्यात आलं. कुल्ता तेव्हा नुकतं लग्न झालेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस होता. दिवसा तो उसाच्या शेतात राबायचा. प्रार्थनेच्या दिवशी मात्र उजाडण्याआधी अंघोळ करून, पोटात अन्नाचा कण न घेता, चर्चच्या आवारातल्या भाजणीच्या खोलीत हजर व्हायचा. कणीक मळायचा. त्या कणकेत मीठ घालत नाहीत. मळताना, भाजताना तो स्तोत्रं म्हणायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. सगळी स्तोत्रं तोंडपाठ होती. गोळा थापून झाला की तो मला उचलायचा, कपाळाला लावायचा आणि दाबायचा. मग काडीने पाच भोकं पाडायचा. काम संपलं की मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून आपल्या गलाबियाच्या, म्हणजे घोळदार अंगरख्याच्या खिशात ठेवायचा. खोलीत उंदीर फार, म्हणून मला घरी न्यायचा.

स्तोत्रं त्याला शिकवली ती फानूसने. फानूस हा चर्चचा मुअल्लिम, म्हणजे गायनाचा मुख्य. जन्मापासून आंधळा. त्याच्या नावाचा अर्थ कंदील. "आईबापांनी कंदील म्हणून हाक मारली आणि वात घालायची विसरले," असं तोच हसत सांगायचा. झांजा हातात घेऊन तो गायला लागला की आवारातली कबुतरंसुद्धा गप्प बसायची. कुल्ता आणि फानूस जिवाभावाचे मित्र होते. भाजणी चालू असताना फानूस दारात बसून कुल्ताच्या चुका काढायचा.

"अरे, ते स्तोत्र आहे, म्हशीला हाकतोयस का?"

"म्हैस निदान मुकाट चालते," कुल्ता म्हणायचा, "मध्ये मध्ये बोलत नाही."

माझी उमेदीची वर्षं अशी गेली. गावातली तरणी माणसं कुणी कैरोला, कुणी कुवेतला गेली. काही वेळा प्रार्थनेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच म्हातारी माणसं असायची. तरी भाकरी तयार असायची आणि गाणं वेळेवर सुरू व्हायचं. लोक म्हणायचे, चर्चचे खांब दगडाचे नाहीत, हे दोघेच खरे खांब.

आणि मग क्रुसाच्या सणाचा तो दिवस आला.

आदल्या रात्री कुल्ताची बायको नर्गिस हिला श्वास घेता येईना. तिला बहिणीच्या हवाली करून कुल्ता तसाच भाजणीला आला. स्तोत्रं म्हणता म्हणता तो मध्येच थांबत होता. भट्टीत कापसाच्या काड्या जास्त पडल्या. भाकऱ्या तळाला करपल्या. तोवर सणाला आलेली माणसं अंगणात जमली होती. त्यांच्यातून काठी टेकत फानूस आला, दारात थांबला आणि नाक वर करून मोठ्याने म्हणाला, "कुल्ता! आज सणाच्या दिवशी देवापुढे कोळसे ठेवणार की काय?"

सगळे हसले. फानूसही हसला. त्याला वाटलं, नेहमीसारखं उत्तर येईल. पण कुल्ताने पाठ फिरवली. मी त्याच्या मुठीत होतो. त्याने मला इतकं आवळून धरलं की कणकेचा ओलावा माझ्या एका बारीक भेगेत शिरला. मला सगळं माहीत होतं, मित्रांनो, पण ठशाला तोंड असून वाचा नसते.

पुजाऱ्याला आम्ही अबूना म्हणतो. वृद्ध अबूना बिसादा यांनी त्यातल्या त्यात चांगली भाकरी निवडली आणि प्रार्थना पार पडली. पण दुसऱ्या दिवसापासून भाजणीच्या खोलीचं दार आतून बंद राहू लागलं. फानूस एकदोनदा आला, दार वाजवलं, परत गेला. मग तोही यायचा थांबला.

त्याच हिवाळ्यात नर्गिस गेली. तिच्या अंत्यविधीला फानूस असं गायला की बायकांचं रडणं थांबलं. नंतर लोक एकेक करून कुल्ताला भेटून जात होते. फानूसची पाळी आली. कुल्ताचा उजवा हात खिशात मला धरून होता. तो हात बाहेर गेला. बराच वेळ बाहेर राहिला. मग काठीचा ठक ठक आवाज लांब गेला आणि हात परत खिशात आला. एवढा गार हात मला कधी लागला नव्हता.

त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. आणि गंमत अशी, की दोघांपैकी एकानेही कामाला खाडा केला नाही. उलट कुल्ता पूर्वीपेक्षा लवकर यायला लागला. फानूसने जुन्या, विसरलेल्या चाली पुन्हा बसवल्या. बाहेरगावचे लोक येऊन म्हणायचे, सेवा करावी तर या दोघांसारखी. आमच्या प्रार्थनेत एक वेळ अशी येते की सर्वांनी वळून शेजाऱ्याच्या हाताला हात लावायचा आणि शांती द्यायची. फानूस त्या वेळचं गाणं जीव ओतून म्हणायचा. कुल्ता नेमका तेव्हाच भट्टी बघायला बाहेर जायचा. भट्टी तर केव्हाच विझलेली असायची.

अबूना बिसादा थकले आणि त्यांच्या जागी अबूना यूस्तुस आले. वयाने लहान, आवाज मऊ. पहिले काही महिने ते फक्त बघत राहिले. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत एका बुधवारी ते भाजणीच्या खोलीत आले. उपवासात आमची प्रार्थना दुपारी उशिरा संपते, म्हणून भाजणीही उजाडल्यावर निवांत चालली होती. टोपलीतल्या भाकऱ्या त्यांनी पाहिल्या.

"अम्म कुल्ता, भाकरी सुरेख झालीय. पण मी आज ती वेदीवर नेणार नाही."

वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे अम्म म्हणतात. कुल्ताचा चेहरा उतरला. "का, अबूना? कुठे करपलीय?"

"करपलेली असती तर मी नेली असती."

"मग?"

"तुम्ही आणि मुअल्लिम शेवटचं कधी बोललात?"

कुल्ता ताठ झाला. "मी माझं काम करतो, तो त्याचं करतो. कामात खोट काढून दाखवा."

"खोट नाहीच," अबूना म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस तुम्हाला कुणी काही बोललं नाही. तुम्ही दोघं बोलेपर्यंत प्रार्थना सुरू होणार नाही, हेच मी आत्ता त्यांनाही सांगून आलो. त्यांनी झांजा खाली ठेवल्या."

चर्चमध्ये जाऊन त्यांनी लोकांना सांगितलं की प्रार्थनेला वेळ लागेल, किती ते त्या दोघांनाच ठाऊक. झहिया नावाची आजी उठून उभी राहिली. "म्हणजे त्या दोघा म्हाताऱ्यांच्या हट्टापायी आम्ही उपाशी बसायचं?"

"उपास आहेच की आज, आजी."

"तो देवासाठी धरलाय," झहिया म्हणाली, "या गाढवांसाठी नाही!" पण ती गेली नाही. बसून राहिली.

कुल्ता मात्र तरातरा घरी निघाला. भाकऱ्या फडक्याखाली झाकल्या आणि मला खिशात टाकलं. घरासमोरच्या ओट्यावर बसून त्याने मला बाहेर काढलं, समोर ठेवलं आणि विचारलं, "सांग बाबा, माझं काय चुकलं?" मी काय सांगणार? त्याने अंगठ्याने माझे क्रूस पुसले. मग पुन्हा पुसले. स्वच्छच होते ते.

सूर्य बराच वर आला. आणि घरापुढच्या पाटात धप्पकन आवाज झाला. पाठोपाठ ओळखीचा, खणखणीत आवाज आला. "पाट इकडे कधी आणला या लोकांनी!"

फानूस रोज पुतण्याचा हात धरून फिरायचा. आज त्याला सोबत कुणी नको होतं. कुल्ता धावला. कमरेत हात घालून त्याने फानूसला वर ओढलं आणि ओट्यावर आणून बसवलं. गुडघ्यापर्यंत चिखल होता. कुल्ता आत गेला, घागर आणि परात घेऊन आला आणि काही न बोलता खाली बसून त्याचे पाय धुवायला लागला.

"पाणी गार आहे," फानूस म्हणाला.

"मार्चमध्ये गारच असतं."

चिखल सुटून परातीत उतरला. मग कुल्ता खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तिला श्वास घेता येत नव्हता. मी सरपण घालत होतो, पण कान घराकडे होते."

फानूसचा पाय त्याच्या हातात तसाच राहिला. "कोणाला? नर्गिसला? त्या सणाच्या दिवशी?" त्याचा आवाज खाली गेला. "आणि मी सगळ्यांपुढे कोळसे म्हणालो. अरे, मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू ओरडलास."

"हो. ओरडलो."

"ते मी गिळलं असतं रे," कुल्ता म्हणाला. त्याला पुढचं बोलणं जड जात होतं. "पण नर्गिसला पोचवलं त्या दिवशी मी तुझ्यापुढे हात केला. सगळ्यांदेखत. आणि तू तसाच निघून गेलास."

 फानूसचे पांढरे डोळे ओलावले.

"कुल्ता, मी आंधळा आहे."

कुल्ताने मान वर केली.

"मी तुझ्यासमोर थांबलो होतो," फानूस म्हणाला. "मुद्दाम थांबलो. म्हटलं, आता हाक मारेल, आता काहीतरी बोलेल. तू शब्दसुद्धा काढला नाहीस. मला वाटलं, तुला मी नकोय. म्हणून गेलो."

मित्रांनो, इतकी वर्षं रोज ज्याला भेटला तो आंधळा आहे, हे कुल्ता विसरला होता. रागात माणूस काय काय विसरतो! तो परातीशी बसल्या बसल्या रडू लागला. रडता रडता त्याला हसू फुटलं आणि फानूसलाही.

"गाढवा," फानूस म्हणाला, "आता तरी दे तो हात."

कुल्ताने ओला हात त्याच्या हातात दिला. फानूसने तो दोन्ही हातांनी धरला आणि चाचपून पाहिला. "केवढा खरखरीत झालाय! तिचं नाव मी दर प्रार्थनेत घेतो. गेलेल्यांच्या नावांत. एकदाही चुकवलं नाही."

"ऐकतो ना मी," कुल्ता म्हणाला. "दाराबाहेर उभा राहून ऐकतो."

दोघं हातात हात घालून चर्चला आले तेव्हा दुपार कलायला लागली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झहिया एवढंच म्हणाली, "आलात? माझे गुडघे आखडले." अबूनांनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि एक भाकरी निवडली. त्या दिवशी शांती देण्याची वेळ आली तेव्हा कुल्ता बाहेर गेला नाही. गर्दीतून पुढे जाऊन फानूसच्या हाताला हात लावत तो मोठ्याने म्हणाला, "हा मी, कुल्ता." पुढे तो आयुष्यभर तसंच म्हणत राहिला. नवी माणसं हसायची. जुनी हसायची नाहीत.

पुढे बरीच वर्षं सुखाची गेली. कुल्ताचे हात कापायला लागले तेव्हा त्याने वगीह नावाच्या गवंड्याला काम शिकवलं. कुल्ता एका वसंतात, आपल्या खाटेवर, शांतपणे गेला. फानूसने त्याच्यासाठी गायला तोंड उघडलं आणि पहिल्या ओळीतच थांबला. मग साऱ्या गावाने ते गाणं त्याच्याऐवजी पूर्ण केलं. बेसूर होतं, पण पूर्ण केलं.

एका सकाळी फानूसने वगीहकडे मला मागितलं. त्याने बोट माझ्यावरून सावकाश फिरवलं. एक क्रूस त्याला सापडेना. पुन्हा फिरवलं. "हा पार गेलाय," तो हळूच म्हणाला. "याला आता विसावा द्या."

मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? नवा ठसा आला. त्याच्या कडा धारदार आहेत, भाकरीवर छान उमटतो. मी आता वेदीमागच्या कोनाड्यात असतो. सणाआधी कुणाला आठवलं तर जैतुनाच्या तेलाचा बोळा अंगावरून फिरतो. नाही आठवलं तर वर्षभर धूळ बसते आणि माझी भेग थोडी रुंदावते.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कामाला स्वतःला वाहून घ्याल. ते वेळेवर करा, मन लावून करा. पण त्याच कामात तुमच्या शेजारी उभं असलेलं माणूस एखाद्या दिवशी चुकलं, तर चारचौघांत बोलण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारा, "काय झालं?" तेवढं लक्षात ठेवलंत, तर मला तेल लावायचं राहून गेलं तरी माझी काही तक्रार नाही.