चादर बाबांनीच उचलायची

झुरळं मीच मारायला काढली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. ओट्याखाली हात घालावा तर मिशा हलायच्या. शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. प्रबुद्ध, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "प्रियंका, बाबांच्या माशांचं काय?" मी म्हटलं, "टाकी झाकू, पंप बंद ठेवू. काही होत नाही म्हणाला तो माणूस. तू टेन्शन घेऊ नकोस ना यार."

बाबा म्हणजे माझे सासरे, भीमराज. त्यांनी खाली गेटपाशी कुणाला 'जय भीम' घातला की तिसऱ्या मजल्यावर मी चहाचं आधण ठेवायचे, असा आवाज. गेल्या वर्षी झटका आला आणि तो आवाज गेला. उजवा हातही लुळा पडला. समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सराव केला तर येतील. मग शर्मिष्ठा मॅडम घरी येऊ लागल्या बोलणं शिकवायला, तर बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. मॅडम तरी किती दिवस पाठीशी बोलणार? "त्यांनाच नको असेल तर मी येऊन काय करू?" म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या. मला इतका राग आला होता बाबांचा! अहो, प्रयत्न तरी करावा माणसाने.

ते उठायचे ते फक्त माशांसाठी. हॉलमधल्या टाकीत त्यांचे टेट्रा असतात. बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर झगमगीत निळी रेघ आणि शेपटीकडे लाल. रात्री टाकीवर जुनी सोलापुरी चादर टाकायची आणि सकाळी ती बाबांनीच उचलायची, हा आमच्या घरातला कायदा. आम्ही उठेपर्यंत ते टाकीपुढे स्टुलावर बसलेले असायचे. झटक्यानंतरही काठी टेकत जायचे आणि डाव्या हाताने चादर ओढायचे. मला वाटायचं, म्हातारपणचा हट्ट. मासे गेले असते तर हा माणूस अंथरुणातून उठला नसता, हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

पेस्ट कंट्रोलच्या दिवशी बाबा आणि मी नणंदेकडे चारकोपला होतो. संध्याकाळी घाटकोपरला परत आलो. बाबांना खाली बाकावर शेजारच्या कुंडलिककाकांजवळ बसवलं, म्हटलं वास जाऊ दे आधी. वर येऊन खिडक्या उघडल्या, पंखा लावला, टाकीवरचं प्लास्टिक काढलं आणि चादर ओढली.

मासे पांढरे पडले होते!

निळं नाही, लाल नाही. नुसती काच, आतला काटा दिसेल अशी. तळाशी सगळे गप्प लोंबकळत होते. प्रबुद्ध कामावर कुर्ल्याला असतो, त्याला फोन लावला.

"वाट लागली रे! औषध टाकीत गेलं. सगळे मरतायत. येताना तिकडून तसलेच मासे घेऊन ये, बाबांना कळायच्या आत."

"बाबांना कळणार नाही होय?"

"मग मी काय करू, सांग ना!"

फोन ठेवला आणि नळाखाली बादली लावली. म्हटलं, विषारी पाणी काढून हे ओतावं. नळाचं ताजं पाणी माशांना सोसत नाही, बाबा ते आदल्या दिवशी भरून ठेवायचे, हे मला माहीत होतं. पण डोकं ठिकाणावर होतं कुणाचं? बादली उचलून टाकीपाशी आणली तर मागे काठी वाजली. बाबा दारात उभे. कुंडलिककाकांनी लिफ्टपर्यंत सोडलं असणार.

"बाबा, माझ्यामुळे झालं हो," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

त्यांनी टाकीकडे पाहिलं. मग काठी बादलीवर आडवी धरली. पंप चालू केला, टाकीवरचा दिवा लावला, पायाने स्टूल ओढलं आणि मला बोटाने दाखवलं, बस. ते स्टूल त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. मी नाक पुसत बसले.

आधी काहीच नाही. मग एका माशाच्या डोळ्यामागे धागा दिसला. मला वाटलं, भास. पण तो धागा सरकला, अंगभर गेला आणि निळा झाला. तेवढ्यात दुसऱ्यावर, तिकडे तिसऱ्यावर. मग लाल उतरलं, सावकाश, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसं. मी तोंडावर हात ठेवला. आई गं! कुणी रंग लावत नव्हतं, बाहेरून काही येत नव्हतं. त्यांच्याच अंगातला रंग, अंधारात मिटलेला. आणि तो उजेडाला ओळखून परत येत होता.

"बाबा, हे रोज होतं?"

त्यांनी मान हलवली.

"आणि रोज तुम्ही एकटेच बघता? आम्हाला कधी बोलला नाहीत!" म्हटलं आणि जीभ चावली. पण बाबा हसले, तोंडाच्या एका कडेने, कितीतरी महिन्यांनी.

एक मासा अजून कोरा होता. बाबांनी काचेवर त्याच्यापाशी बोट ठेवलं. मग तेच बोट उचलून स्वतःच्या गळ्याला लावलं. आणि माझ्यापुढे तळहात उभा धरला.

मी पुन्हा रडले, पण ते वेगळं होतं. तेवढ्यात फोन वाजला. "अगं, दुकानात आहे. मोठे घेऊ का छोटे?"

"काही घेऊ नकोस. घरी ये, लवकर."

त्या कोऱ्या माशालाही रेघ आली तेव्हा मी शर्मिष्ठा मॅडमचा नंबर काढून बाबांपुढे धरला. त्यांनी बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. मी फोन लावला.

"मॅडम, उद्या याल का हो?"

"अगंबाई! काका बोलले?"

"नाही," मी म्हटलं. "पण थांबायला सांगितलंय त्यांनी."