उघडी बादली

"बघ ना रे, माझ्याच पायांनी दगा दिला," काकू खड्ड्याच्या काठावर टेकत म्हणाल्या, आणि गड्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीने पोटात घ्यावं.

खड्ड्यातला चोथा काळा पडला होता. बिअरच्या कारखान्यातून आणलेला जवाचा ओला चोथा. उघडा राहिला तर चार दिवसांत नासतो. पण थरावर थर देऊन तुडवला, वर प्लास्टिक अंथरून जुन्या टायरांनी दाबला की महिनोन्‌महिने टिकतो. आत हवा मात्र जाता कामा नये. या वेळी काकूंनी दुखऱ्या गुडघ्यांनी गड्याच्या जोडीने दोन दिवस तुडवला होता. आज महिन्याभराने उघडला, तर हात घालावा तिथे बुरशी! गायींच्या तोंडाला लावायची सोय नाही, सगळा फेकायचा.

"तुडवण्यात कमी पडले मी. हवा राहिली आत."

हवा कुठून गेली ते गड्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या कोपऱ्यातल्या टायराखाली हातभर चीर होती, त्याच्याच विळ्याने दिलेली. घरची गाय नुकती व्यायलेली, आणि बायकोने डोकं खाल्लं होतं, "अहो, एवढा ढीग पडलाय तिथे, एक बादली आणलीत तर काय आभाळ कोसळणारे?" मग रोज एक बादली, वरून पोतं झाकून, पंधरा दिवस. टायर पुन्हा जागेवर ठेवला की झालं, अशी तो मनाची समजूत घालायचा. अठरा वर्षं खड्डे भरणारा माणूस!

आणि याच माणसाला अख्खी गल्ली 'धुतला तांदूळ' म्हणायची. गोठ्यात पडलेलं घड्याळ त्याने परत केलं, तेव्हा काकूंच्या नवऱ्याने थट्टेने ठेवलेलं नाव. काका गेले, नाव राहिलं.

"उद्या व्यापाऱ्याला बोलावते," काकू उठत म्हणाल्या. "आठही गायी देऊन टाकते. आता नाही झेपत. माणसाने वेळेत ओळखावं, काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यापारी आला. परगावचा माणूस. दात बघ, कास चाचप, सुरू झालं त्याचं. काकू म्हाताऱ्या गायीच्या मानेवर हात ठेवून तोंड फिरवून उभ्या होत्या. गडी पुढे झाला.

"काकू, तुमचे पाय नाही कमी पडले."

"राहू दे रे आता."

"प्लास्टिक मी कापलं. मागच्या कोपऱ्यात. रोज बादली नेत होतो, माझ्या गायीला."

व्यापाऱ्याने खाकरून दुसरीकडे पाहिलं. काकू मागच्या कोपऱ्यात गेल्या, गुडघ्यावर हात रेटून वाकल्या आणि चिरेवरून बोट फिरवत राहिल्या. परत आल्या त्या थेट व्यापाऱ्याकडे.

"तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. गायी द्यायच्या नाहीत."

गड्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. चालता हो म्हणाल्या असत्या, तर निदान तोंड लपवायला घर होतं.

आठवड्याने नवा चोथा आला, कारखान्यातून गरमागरम. गड्याने एकट्याने तुडवला; काकू काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. संध्याकाळी तो निघाला, तर फाटकाशी त्याचीच बादली, चोथ्याने काठोकाठ भरलेली, अजून कोमट. त्याने सवयीने पोतं उचललं.

"झाकू नकोस," गोठ्यातून काकूंचा आवाज आला. "उघडी ने."

तो भर रस्त्याने निघाला. मान वर होईना. काकूंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"काय धुतल्या तांदळा, आज काय नेतोयस?" किराणावाल्याने दुकानातून विचारलं.

"चोथा. काकूंनी दिला."

घर येईपर्यंत त्याला हे आणखी तिघांना सांगावं लागलं. तिघांनीही त्याला त्याच नावाने हाक मारली होती.