जवळ्याच्या जाळ्याचं शीड

बुद्धपौर्णिमेला विहारात येणाऱ्यांच्या हातात यंदा छापील नव्हे, हाताने केलेलं शुभेच्छापत्र द्यायचं, ही जबाबदारी वैजयंताने भर बैठकीत उभं राहून मागून घेतली होती. विहाराचा चिटणीस लोकेश वागायला नम्र. पण दर वर्षीचं कमळ आणि बोधिवृक्ष त्याच्या लॅपटॉपमध्ये तयारच होते. वैजयंताने समुद्राचं चित्र करणार म्हटल्यावर त्याने विचारलं, काकू, आपण परभणी-हिंगोलीची माणसं, आपला समुद्राशी काय संबंध? तिने सांगितलं, आपली पोरं तर भाईंदरची आहेत, आणि पौर्णिमेला भरती येते, तेवढा संबंध पुरे. बायका हसल्या आणि लोकेशने माघार घेतली. फक्त एक अट घातली. रविवारपर्यंत कार्डं झाली नाहीत, तर सोमवारी त्याचं डिझाइन छापायला जाईल.

त्या विहारात बायकांच्या वाट्याला आजवर खिरीचं पातेलं आलं होतं. पाहुण्याच्या हाती पडेल आणि त्याच्या घरी राहील असं काही त्यांच्याकडून कुणी मागितलंच नव्हतं. वैजयंताला ते करून दाखवायचं होतं.

कार्ड तिच्या डोक्यात पक्कं होतं. जाड पांढऱ्या कागदावर निळ्या रंगाचा थर, खाली डिंकावर चिकटवलेली वाळू, मधोमध केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सोपटाची होडी आणि होडीवर पिंपळपानाचं शीड. हिरवं पान नव्हे, जाळीचं. पिंपळाची पानं पाण्यात भिजत ठेवली की त्यांचा गर कुजतो. तो मऊ ब्रशने सोडवला की शिरांची नाजूक जाळी तेवढी उरते. होळीनंतर तिने प्लास्टिकचा टब भरून पानं भिजत घातली होती. टब घरात ठेवण्यासारखा नव्हता, म्हणून जिन्याच्या वळणावर, पत्र्याच्या झाकणाखाली ठेवला.

एवढी पूर्वतयारी केलेल्या बाईने एकच गोष्ट करायची राहू दिली. टबात काय आहे, ते नवऱ्याला सांगितलं नाही.

कोंडिराम विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या स्वच्छतेचा कारभार पाहत होते. ओला कचरा, सुका कचरा यात त्यांच्याकडे माफी नव्हती. शेजारच्या हंसाबेननी गुरुवारी त्यांना जिन्यात गाठलं आणि नाकाला पदर लावून म्हटलं, "कोंडिरामभाई, यहाँ कुछ मर गया है क्या?" कोंडिरामांनी झाकण उचललं. आत काळं पाणी आणि सडलेली पानं. त्यांनी पाणी गटारात ओतलं, पानं ओल्या कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकली, टब फिनेल लावून घासला आणि दुपारी जेवताना ही कामगिरी बायकोला सविस्तर सांगितली.

वैजयंताने पोळी तव्यावरच राहू दिली.

"ती माझी शिडं होती," ती म्हणाली.

"शिडं? अगं, कचरा होता तो."

"तुमच्या हाताला लागलं की सगळा कचराच होतो."

करपलेली पोळी कोंडिरामांनी मुकाट खाल्ली. नवी पानं भिजवायला वेळ नव्हता. कागद कापला तर ते शीड दिसेल, पण त्यातून उजेड आरपार जाणार नाही, आणि तिला नेमका तो उजेडच हवा होता. संध्याकाळी, तुझंच डिझाइन छाप, असं लोकेशला सांगायला तिने मोबाईल हातात घेतला, तेव्हा कोंडिरामांनी तो काढून घेतला आणि ते म्हणाले, वाळू आणायला उद्या तारोडीला जायचं ठरलंय ना, ते होऊ दे, मग फोन कर.

किनाऱ्यावरच्या तारोडी गावात अनसूया राहत होती. भाईंदरात केबिन रोडला पाटी घेऊन बसायची तेव्हापासून वैजयंता तिच्याकडूनच मासळी घ्यायची. दोघी वाळू चाळायला बसल्या. कोंडिराम अंगणात अपराध्यासारखे उभे होते. समोर बांबूवर एक फाटकं जाळं टाकलं होतं. बोंबलाचं नव्हे, जवळ्याचं. कोळंबीसारखा इवलासा जवळाही निसटू नये इतक्या बारीक विणीचं. त्यांनी त्याचा एक कोपरा उचलून उन्हात धरला. पलीकडे समुद्र दिसत होता, फिकट आणि चौकटी-चौकटींचा.

"वैजयंता, इकडे ये," ते म्हणाले. "हे पिंपळाच्या आकारात कापलं तर?"

ती आली, तिनेही कोपरा उन्हात धरला आणि बराच वेळ खाली केला नाही. अनसूया मात्र चाळण बाजूला ठेवून हसत सुटली. "फाटका जाला कोन नेतं, दादा? न्या पायजे तेवरा. पन वास जायाचा न्हाय, आदीच सांगते."

वास गेला. त्यासाठी कोंडिरामांनी ते जाळं त्याच टबात सोड्याने, लिंबाने, साबणाने धुतलं आणि गच्चीवर वाळवलं. गेला की नाही, याचा निकाल द्यायला त्यांनी हंसाबेनना बोलावलं, कारण इमारतीत त्यांच्याइतकं तिखट नाक कुणाचं नव्हतं. पहिल्या दोन वेळा त्यांनी मान फिरवली. तिसऱ्या वेळी जाळं नाकाजवळ नेऊन त्या म्हणाल्या, "अब चलेगा," आणि शिडं कापायला स्वतःच कात्री घेऊन बसल्या. विहारातल्या पंचशीला आणि नीलमने वाळू चिकटवली. रविवारी लोकेश आला, तेव्हा दिवाणावर, फ्रीजवर, शिवणयंत्रावर होड्याच होड्या वाळत होत्या. त्याने एक उचलून खिडकीशी धरली. मग लॅपटॉपची बॅग दाराशी ठेवली आणि कुठे काय चिकटवायचं ते विचारलं.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर कार्डं वाटली गेली. लोक ती उजेडाकडे धरून पाहत होते, म्हणून दाराजवळ बरीच गर्दी झाली. हे पान कसलं, असं प्रत्येकजण विचारत होता, आणि कोंडिराम प्रत्येकाला सांगत होते की हे पान नव्हे, तारोडीचं जवळ्याचं जाळं. मीच ते उन्हात धरून पाहिलं, आणि तिथेच ठरलं.

वैजयंता आतून आली. खिरीची वाटी तिच्या हातात कुणीतरी आणून दिली होती.

"आणि पानांचं काय झालं, तेही सांगा की पाहुण्यांना," ती म्हणाली.

कोंडिरामांनी घसा साफ केला. सगळे थांबले होते.

"पानं," ते म्हणाले, "मी ओल्या कचऱ्यात टाकली. नियमाप्रमाणे."

हसणं बाहेरच्या मांडवापर्यंत गेलं. वैजयंताही हसली आणि वाटी त्यांच्या हातात देऊन पुढच्या पाहुण्यांना कार्ड द्यायला वळली.