दोन किटल्या

झहूरच्या घरी चहा एकाच किटलीतून ओतला जाई. पुदिना, सढळ हाताने साखर, आणि पहिला पेला परत किटलीत, म्हणजे साखर नीट मिसळते. मेक्नेस शहरात सगळ्यांच्याच घरी हे असं. म्हणून तर तिच्या मुलाला, जवादला, कधी संशय आला नाही. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतात, नळाच्या पाण्यातही काहीतरी कालवतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आईच्या हातचं तेवढं तो बिनघोर खाई-पिई. गोळ्या मात्र थुंकून टाकी. मग झहूर त्याच्या पेल्याच्या तळाशी आधीच औषधाचे थेंब टाकून ठेवू लागली. ना रंग, ना चव. तिला स्वतःची लाज वाटे, पण पोरगा शांत झोपे. आईला आणखी काय हवं असतं?

त्या दिवशी मात्र थेंबांनी भागलं नाही. त्याने खिडकीची काच फोडली, शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला. इस्पितळात दोघांनी त्याला धरून ठेवलं, तरी त्याने झहूरची बाही मुठीत घट्ट पकडलेली. डॉक्टर गिझलानने इंजेक्शन हातात घेत विचारलं, आज याला काही दिलंय का? झहूरने नाही म्हणून मान हलवली.

गिझलान वयाने लहान, पण कच्ची नव्हती. जवादची मान औषधाने ताठते तशी ताठलेली पाहून ती थांबली.

"मावशी, खरं सांगा. आधीचं औषध पोटात असेल, तर माझं हे त्याच्या जिवावर बेतेल."

बाजूला जाऊन सांगायची सोयच नव्हती. बाही सुटत नव्हती.

"सकाळी चहातून दिलंय," झहूर म्हणाली. "दुप्पट थेंब. रोजच देते."

जवादचा आरडाओरडा थांबला. मूठ उघडली.

"कधीपासून, यम्मा?"

"दोन रमजान झाले, बाळा."

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःहून दंड पुढे केला आणि डॉक्टरला म्हणाला, "द्या. तुम्ही निदान सांगून तरी देताय."

गिझलानने औषध बदललं, मग दिलं.

आता जवाद बरा आहे. गोळ्या आपल्या हाताने घेतो, तेही नळाच्या पाण्याबरोबर. गिझलान खूश आहे, आणि झहूरला ते पटतंही. त्याने स्वतःसाठी एक छोटी किटली आणली आहे. आईनेच शिकवल्याप्रमाणे तो पहिला पेला परत किटलीत ओततो, आणि पाठ फिरवून पितो.

झहूर अजून मोठ्या किटलीतच चहा करते. एकटीला तो संपत नाही.