थरांच्या तळाशी

मी एक जुना, काळा कमरबंद आहे. नऊ हात लांब, जाड सुती. स्पेनमधल्या तार्रागोना शहरात सांता तेक्ला या संतिणीचा उत्सव आला की माणसं चौकात एकमेकांच्या खांद्यांवर चढून थर लावतात. तेव्हा मी कमरेला आवळलेला असतो. कण्याला आधार देतो आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला घडी देतो.

मित्रांनो, रेमेईने मला घेतलं तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि बायकांनी थरात उभं राहावं हे पुष्कळांना रुचत नव्हतं. ती दुसऱ्या थरावर उभी राहायची. किती चिमुकली पावलं माझ्या घडीत बोटं रोवून वर गेली. लोक तिला शाबासकी देत, त्यातली थोडी मी गुपचूप माझ्या नावावर धरत असे.

पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले. घर बदलताना तिने माझाच दोर करून गादी बांधली, आणि ती गादी कुणी सोडलीच नाही. दोन वर्षं मी माळ्यावर गाठी मारलेला पडून होतो.

यंदा देशाच्या दुसऱ्या टोकाच्या झामोराहून तिचा दीर बेलार्मिनो पहिल्यांदाच उत्सवाला आला. बसचालक म्हणून निवृत्त झालेला, खांदे दाराएवढे.

“वहिनी, धडधाकट माणसं एकमेकांच्या अंगावर कशाला चढतात? जिने नाहीत का तुमच्याकडे?”

“भावजी, आधी खाली उभे राहा, मग बोला. तळाला माणसं कमीच पडतात.”

तिने माळ्यावर जाऊन माझ्या गाठी सोडवल्या. एक टोक स्वतः ताणून धरलं आणि दिराला भोवऱ्यासारखं माझ्यात फिरायला लावलं.

“अहो, श्वास घेऊ द्या की.”

“श्वास घेता येतोय? म्हणजे सैल आहे. पुन्हा फिरा.”

चौकात त्याला तळाच्या घोळक्यात उभं केलं. हनुवटी छातीला, हात समोरच्याच्या पाठीवर. मागे रेमेई, तिचे तळवे माझ्यावर टेकलेले. सनया सुरू झाल्या. तळातल्यांना वरचं काही दिसत नाही, थर चढू लागले हे त्या सुरावरूनच कळतं. मग सगळं थरथरू लागलं.

“वहिनी, पोटरीत गोळा आलाय.”

“येऊ द्या. हलू नका. वर सात वर्षांची मुलगी आहे.”

त्याने टाचा जमिनीत आणखी रोवल्या. माझा एक जुना धागा तटकन तुटला. बाकीचे टिकतील ना, या काळजीने मी त्याच्या कमरेला घट्ट धरून राहिलो. मग चौक गरजला. मुलीने टोकावर हात उंचावला होता. एकेक थर अलगद उतरला आणि शेवटचं पाऊल जमिनीला लागलं, तेव्हाच त्याने मान वर केली.

“काय पाहिलंत, भावजी?”

“समोरच्याची मान. तिच्यावर तीन तीळ आहेत.” त्याने बाहीने डोळे पुसले. “पुन्हा कधी आहे?”

“उद्या.”

“मग हा सोडायलाच नको.”

आणि खरंच, तो मला बांधूनच जेवायला बसला. वहिनीने वाढलेला भात मात्र निम्माच गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या कापडाला ऊन दाखवा, नीट गुंडाळून ठेवा. आणि सणाला पाहुणा आला तर त्याला गच्चीत खुर्ची देऊन बसवू नका. त्याची कंबर आवळा आणि त्याला खुशाल आपल्या माणसांत उभं करा.