पाठराबेंचा यहुदी

नागपूरच्या बेसा भागात राहणारे निवृत्त प्राध्यापक चंपतराव वैरागडे यांचा सगळा संसार एका यहुद्याच्या जिवावर उभा राहिला होता. हा यहुदी कादंबरीतला. नागपूरचेच दिवंगत नवकादंबरीकार यशवंत पाठराबे यांनी तो घडवला होता : वाकड्या नाकाचा, तळहात चोळणारा, मयताच्या घरी जाऊन व्याज मागणारा. तो म्हणजे आधुनिक माणसाच्या तुटलेपणाचं प्रतीक, असं चंपतरावांनी आपल्या प्रबंधात सिद्ध केलं आणि विभागप्रमुख झाले. खराखुरा यहुदी ना पाठराबेंनी पाहिला होता, ना चंपतरावांनी.

पाठराबेंच्या जन्मशताब्दीसाठी नेमलेल्या समितीनं यहुद्याच्या प्रकरणाचं जाहीर वाचन ठरवलं. आवाज चांगला हवा. चंपतरावांच्या इमारतीत दिवेकरबाई नुकत्याच राहायला आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, उच्चार खणखणीत. समितीचे अध्यक्ष या नात्यानं चंपतराव त्यांना पुस्तक देऊन आले.

दोन दिवसांनी बाईंनी त्यांना चहाला बोलावलं.

"प्रकरण वाचलं," त्या म्हणाल्या. "सर, मी यहुदी आहे."

चंपतराव हसले. "तुम्ही? तुम्ही तर दिवेकर!"

"दिवे गावच्या म्हणून दिवेकर. नाव एस्तेर. आम्ही बेने इस्रायल. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी धर्मानं काम वर्ज्य, घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे."

चंपतरावांनी चोरून त्यांच्या नाकाकडे पाहिलं. नाक साधंच होतं.

"पण तुम्ही यहुदी वाटत नाही," ते म्हणाले.

"यहुदी कसे वाटतात?"

उत्तर तोंडावर आलं होतं, पण ते पुस्तकातलं असल्यामुळे त्यांनी चहाबरोबर गिळलं. "बाई, ते प्रतीक आहे. व्यक्तिशः घेऊ नका."

"नाही घेत. वाचन मात्र मीच करीन."

सभागृह भरलं होतं. बाईंनी पुस्तक उघडलं आणि शांतपणे वाचू लागल्या. फक्त 'यहुदी' आला की तिथे त्या 'नागपूरकर' म्हणत होत्या.

"आधी नागपूरकराचं नाक दारातून आत येई, मग नागपूरकर. प्रेत अंगणात होतं, पण नागपूरकराची नजर म्हातारीच्या पाटल्यांवर होती. नागपूरकराच्या रक्तातच ते असतं."

आधी कुणीतरी खोकलं. मग पहिल्या रांगेतले समितीचे चिटणीस सुशीलराव ताडकन उठले.

"हे काय लावलं हो बाई? आमाले काय समजून राहिल्या तुमी?"

"प्रतीक," बाई म्हणाल्या. "व्यक्तिशः घेऊ नका."

"पाठराबेसाहेबांनी असं लिहिलंच नाही!"

"एकच शब्द बदलला आहे. बाकी सगळं त्यांचंच."

गोंधळ उडाला. 'अपमान, अपमान' असा आरडाओरडा झाला. मागून कुणी म्हणालं, "सगळेच नागपूरकर तसे असतात काय?" त्यावर बाईंनी मान वर करून शोधक नजरेनं पाहिलं, पण तो माणूस खाली बसला होता. माइक बंद करण्यात आला.

समितीनं त्याच संध्याकाळी तातडीची बैठक घेऊन बाईंचा निषेध केला. ठरावात 'एका संपूर्ण समाजाला एकाच साच्यात बसवण्याची विकृत प्रवृत्ती' असे शब्द होते. सगळ्यांना ते फार आवडले.

चंपतराव घरी आले ते न जेवताच बसून राहिले. पत्नी वच्छलाबाईंनी विचारलं, "काहून जेवत नाही गा?"

"मले राग आला होता, वच्छला. एका पानातच. अन् मी तेच पान तीस वर्षं पोरांना शिकवलं. एकाही पोराले विचारू दिलं नाही."

"मंग आता विचारा ना."

पुढच्या बैठकीत त्यांनी विचारलं. शताब्दी आवृत्तीत या प्रकरणाआधी एक टीप असावी, कादंबरी मोठी आहे आणि हा यहुदी खोटा आहे, हे दोन्ही खरं आहे असं तीत सांगावं, एवढंच. सुशीलरावांनी अत्यंत आदरानं त्यांना पाणी दिलं.

आठवडाभरात वर्तमानपत्रात बातमी आली. चंपतराव वैरागडे यांनी प्रकृतीच्या कारणास्तव समितीचं अध्यक्षपद सोडलं होतं. ती वाचूनच चंपतरावांना आपल्या आजारपणाचा पत्ता लागला. दुपारपर्यंत विचारपूस करणारे अकरा फोन आले. संध्याकाळी एस्तेरबाई खाली भेटल्या.

"बरे आहात ना, सर?"

"एकदम ठणठणीत," चंपतराव म्हणाले. "इतकं बरं मले कधीच वाटलं नाही."