दत्तरावांच्या भिंतीवरचा मेंदू

दत्तरावांच्या बैठकीत भिंतीवर आधी देव होते, मग शाल-श्रीफळ घेतानाचे फोटो आले, आणि आता सगळ्यांच्या वर एक मेंदू टांगला होता. काळी चौकट, मधोमध दोन लालभडक ठिपके, वरून झेंडूचा हार. आल्यागेल्याला चहाच्या आधी मेंदू दाखवला जायचा. "आपला हाय," दत्तराव सांगायचे. "मोठ्या दवाखान्यात मशीननं काढलेला. उगं न्हाई."

त्यांची पुतणी राजेश्री चहा घेऊन यायची, वर एक नजर टाकायची आणि कप ठेवून आत जायची. मेंदू तिचा होता.

झालं होतं असं. मागं राजेश्रीच्या कानात माणसं बोलायला लागली होती. विहिरीवरची मोटर आपली चहाडी करते, असं तिला वाटायचं. परभणीच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे म्हणून सांगितलं, रोजची गोळी दिली, आणि हळूहळू ती माणसं गप्प झाली. पोरगी पुन्हा शिलाई मशीनवर बसून ब्लाउज शिवायला लागली. मग मोठ्या शहरातून संशोधन करणाऱ्या अर्पिता मॅडमचा निरोप आला. मेंदूचा स्कॅन करू द्याल का, आणि तुलनेसाठी घरातलंच एखादं निरोगी माणूस मिळेल का? निरोगी म्हटल्यावर दत्तरावांनी दुसऱ्या कुणाला तोंड उघडू दिलं नाही. नवा फेटा बांधून निघाले. मशीनमध्ये जाताना तो काढायला लावला, याचा राग परतताना गावाजवळच्या पिंगळी स्टेशनला उतरेपर्यंत त्यांच्या नाकावर होता.

मॅडमनी दोघांना बसवून नीट समजावलं होतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याचं काम बिघडलं, की साध्यासुध्या गोष्टीतही माणसाला आपल्यासाठी काहीतरी खूण दिसायला लागते. लोक आपल्याबद्दलच बोलतायत, आपल्यावर डाव टाकतायत, आपण कुणी खास आहोत, असं वाटतं. राजेश्री ऐकत होती आणि तिची नजर सारखी तात्यांकडं, म्हणजे दत्तरावांकडं, जात होती. गावात कुणी शिंकलं तरी आपल्या राजकारणावर शिंकलं म्हणणारे तात्या गंभीरपणे मान डोलवत होते.

"बिचारी," ते म्हणाले.

निघताना हट्ट धरून त्यांनी दोन्ही स्कॅनची रंगीत चित्रं मागून घेतली. "एका चित्रावरून कोण शहाणं, कोण आजारी, हे ठरत नाही बरं का," मॅडम म्हणाल्या. "पुष्कळ जणांची एकत्र मांडल्यावर कुठं फरक कळतो." दत्तरावांच्या कानावर हे पडलं नाही, कारण ते निवडण्यात गुंतले होते. चित्रांवर नावं नव्हती, कोपऱ्यात नुसता नंबर. एक फिकट, एक लाल. बाजारात कापलेलं कलिंगड निवडावं तसं त्यांनी लाल उचललं.

"तात्या, त्यो माजा नंबर हाय."

"तुजं डोकं एवढं भरलेलं कुठून आसंल? परत भास व्हायलेत का?"

एकदा वेडी ठरली, की बाईच्या हातातला नंबरसुद्धा भास होतो. राजेश्रीनं मनगटावरची, तोच नंबर छापलेली दवाखान्याची प्लास्टिकची पट्टी काढली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

गावानं तर कहरच केला. चौकात फ्लेक्स लागला. फेट्यातले दत्तराव, त्यांच्या डोक्यावर मेंदू, खाली 'निरोगी मेंदूबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि शुभेच्छुकांची ओळीनं तोंडं. येता-जाता राजेश्रीला मनातून हसू फुटायचं. जिंतूरचं स्थळ आलं आणि तिचं हसू आटलं.

"फिकट फोटो बगितला न्हाई का? डोक्यातली धग गेली तिच्या. आता गोळ्या कशाला?" दत्तराव भावजयीला, म्हणजे राजेश्रीच्या आई सुलाबाईला, म्हणाले आणि गोळ्यांचं पाकीट त्यांनी चुलीत टाकलं. सुलाबाई विधवा, दिराच्या घरात राहायची. तिनं दुसरं पाकीट आणून तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलं. पण सासरचा डबा तिच्या हातात थोडाच असणार होता? मागं गोळ्या चुकल्या तेव्हा मोटर पुन्हा कुजबुजायला लागली होती. लग्न करायला राजेश्री तयार होती. गोळ्या सोडून करायला नव्हती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील भगवानराव आणि आई बायनाबाई. दत्तरावांनी पोह्यांच्या आधी मेंदू दाखवला. "खानदानी डोकं हाय. पोरगीबी ह्याच घरातली."

भगवानराव चष्मा चढवून बराच वेळ बघत राहिले. "ह्याला म्हनायचं डोकं," ते म्हणाले. "आमच्या घरात आसंच पाहिजे."

राजेश्रीनं ताटली खाली ठेवली, आत जाऊन पर्समधली पट्टी आणली आणि त्यांच्या हातात दिली. "मग हे माजंच हाय. नंबर बगा. मला स्किझोफ्रेनिया हाय. आवाज ऐकू यायचे, गोळीनं थांबले. तुमच्याकडं आले तरी गोळी घेनार. चालत आसंल तर सांगा."

भगवानरावांनी नंबर ताडून पाहिला. मग दत्तरावांकडं पाहिलं. दत्तरावांचं तोंड त्या चित्रातल्या ठिपक्यांसारखं झालं होतं. लाल डोकं शहाणं म्हणावं तर शहाणी पुतणी, वेडं म्हणावं तर चौकात फ्लेक्स.

"मशीन चुकली," ते म्हणाले. मग आवाज चढला. "न्हाई, डाव हाय ह्यो. ती मॅडम सामील हाय. फ्लेक्सवाला सामील हाय. सगळं गाव माज्यावर टपून बसलंय, मला का कळत न्हाई?"

"कळवतो," म्हणत पाहुण्यांनी चपला घातल्या. या 'कळवतो'चा अर्थ सुलाबाईला कळला आणि तिनं डोळ्याला पदर लावला. राजेश्रीलाही वाईट वाटलं, मुलगा बरा होता. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"आये, डबा आन," ती म्हणाली. डाळीतून पाकीट काढून तिनं पाहुण्यांच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर सगळ्यांदेखत गोळी घेतली. दत्तराव येरझारा घालत अजून कोण कोण सामील आहे ते मोजत होते.

राजेश्रीनं पाकीट त्यांच्यापुढं धरलं. "तात्या," ती मायेनं म्हणाली, "एक देऊ का?"